गल्ली नंबर तीनमधला बेवारस डास

डास मारला की विश्वंभर केळसकर आधी हात धूत नसत, आधी पाकीट शोधत. नगरपरिषदेने घरोघर वाटलेली ती इवलीशी पारदर्शक पाकिटं त्यांच्या शर्टाच्या खिशात, फोनच्या कव्हरात, अगदी पंचांगाच्या पानांतसुद्धा खोचलेली असायची. मेलेला डास चिमटीने उचलून पाकिटात टाकायचा, वर तारीख, वेळ आणि 'उजवा दंड' किंवा 'डावी पोटरी' असं लिहायचं, आणि मगच बेसिनकडे वळायचं. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाला नोंद केल्याशिवाय खाजवताही येत नाही, असं त्यांची बायको कुमुद म्हणायची.

पण २०३९ सालच्या आंबेवळणात त्या पाकिटाला फार महत्त्व होतं. डासाची कुंडली निघत होती ना!

कुंडली हा लोकांचा शब्द. यंत्राचं सरकारी नाव 'जलमूळ विश्लेषक', पण ते नाव नगराध्यक्षांनाही एका दमात घेता येत नसे. त्यामागचं शास्त्र तसं सरळ. डासाची मादी साचलेल्या पाण्यात अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आठ-दहा दिवस त्याच पाण्यात वळवळते, त्यातलंच शेवाळ आणि बारीक जीवजंतू खाते, त्यातलेच क्षार अंगात मुरवते. पुढे पंख फुटून डास उडून गेला तरी त्या पाण्याची खूण त्याच्या शरीरात राहते. आणि कुठल्याही दोन घरांतलं साचलेलं पाणी तंतोतंत सारखं नसतं. सिमेंटच्या टाकीत चुना उतरतो, पत्र्याच्या पिंपात गंज, कुंडीखालच्या बशीत खत. प्रत्येक ठिकाणी जिवाणूंचा गोतावळाही वेगळा. यंत्र डासाचा चुरा करून त्यातले धातू मोजायचं, जिवाणूंच्या जनुकांचे तुकडे वाचायचं आणि घरोघरच्या पाण्याचे जे नमुने आधीच गोळा केले होते त्यांच्याशी ताडून बघायचं. अकरा मिनिटांत उत्तर तयार: हा डास अमक्याच्या गच्चीवरच्या टाकीत जन्मला.

यंत्र यायच्या आधी नगरपरिषद प्रत्येक मालमत्ताधारकाकडून सरसकट डास उपकर घ्यायची. त्याविरुद्ध प्रभाग सभेत सगळ्यात मोठ्याने कोण बोललं असेल तर केळसकर. "माझ्या घरी एक डास नाही. खिडक्यांना जाळ्या, टाकीला झाकण. आणि मी का भरू हो? ज्या घरी जन्मला त्याच्या मालकाने भरावं!" टाळ्या पडल्या. यंत्र आलं, नियम आला, आणि प्रत्येक घराच्या फाटकावर पाटी आली. घरात डास जन्मत नसेल तर हिरवी आणि उपकर माफ. जन्मत असेल तर लाल, पंचेचाळीस दिवसांसाठी. लाल पाटी असेपर्यंत दुप्पट उपकर भरायचा, आणि त्या घरात खानावळ, शिकवणी, पाळणाघर असलं काही चालवायचं नाही.

मग गावात जी मजा सुरू झाली ती काही विचारू नका. सामाईक विहिरीतले डास कुणाच्या वाट्याचे, यावरून दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले. भाडेकरू म्हणाले टाकी मालकाची, मालक म्हणाले बादली भाडेकरूची. एक स्थळ मुलाची पत्रिका जुळूनही लाल पाटीवरून मोडलं. खुद्द नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमागचा कूलर सापडला, तेव्हा नगरपरिषदेने स्वतःलाच नोटीस काढली, आणि स्वतःच अर्ज करून स्वतःला मुदतवाढ दिली.

केळसकरांच्या डोक्यात मात्र एकच घर होतं. शेजारचं. रोहिणीताई गवाणकरांचं.

रोहिणीताई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात पाळणाघर काढलं आणि अंगणात एकशे बारा कुंड्या लावल्या. केळसकरांची ऋजुता जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते रोहिणीताईंनी. पुढे कुमुद शाळेत नोकरीला असताना दवाखान्याच्या पाळ्या सांभाळून त्यांनीच ऋजुताला लहानाचं मोठं केलं; ती त्यांना मावशी म्हणे. पण केळसकरांना त्या कुंड्या दिसल्या की कपाळावर आठी पडायची, आणि सकाळी पूजेच्या वेळी पलीकडून अकरा पोरांचा कालवा सुरू झाला की दुसरी पडायची.

पाऊस संपून महिना उलटला तरी नगरपरिषदेने डास पकडायला गल्लीत उभ्या केलेल्या सापळ्याच्या खांबात पट्टेरी पायांचे, दिवसा चावणारे, डेंग्यूवाले डास सापडत होते. केळसकरांनी एकट्याने त्रेचाळीस पाकिटं पाठवली. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: 'उगम: नोंद नाही.' म्हणजे गावातल्या कुठल्याच नमुन्याशी त्यांचं पाणी जुळत नव्हतं. डास बेवारस!

आणि बेवारस डासांसाठी नियम चौदा होता. तो नियमही केळसकरांनीच सुचवलेला. डेपोत बेवारस पिशवी सापडली की जवळच्या गाडीच्या कंडक्टरला धरायचं, तसं खांबाच्या जवळच्या मालमत्तेला धरायचं. खांब दोन घरांच्या मधल्या भिंतीपाशी होता. केळसकर टेप घेऊन गेले, स्वतः वाकून मोजलं, आणि खांब रोहिणीताईंना दोन फूट जवळ भरला.

दुसऱ्या दिवशी रोहिणीताईंच्या फाटकावर लाल पाटी लागली.

"केळसकर, मी बशांमधलं पाणी रोज बदलते," भिंतीपलीकडून रोहिणीताई म्हणाल्या. "ते माझ्याकडचे डास नाहीत."

"मग यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र म्हणतंय, मला माहीत नाही. माझं नाव तुम्ही घातलंत."

केळसकर "नियम म्हणजे नियम" असं पुटपुटत घरात आले. त्या दिवसापासून पाळणाघर बंद झालं.

इकडे केळसकरांच्या घरी वेगळीच धांदल होती. ऋजुताला आठवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. पण नाशिकच्या विहीणबाई भलत्याच काटेकोर.

"पाठवायला आमची ना नाही हो," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "पण आजकाल काय एकेक ऐकतो. डेंग्यू म्हणजे पोटुशीला केवढं भय! तुमच्या हिरव्या पाटीचा फोटो पाठवत जा. दर सोमवारी."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. केळसकरांना विहीणबाईंबद्दल आदर वाटला. ते दर सोमवारी पाटीशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढत, म्हणजे तारखेबद्दल शंका नको. ऋजुता गुरुवारी यायची होती. कुमुदने खोली रंगवून घेतली, डिंकाच्या लाडवांचं सामान आणलं, आणि केळसकरांनी पाळण्याच्या चारही कड्यांना तेलपाणी करून ठेवलं.

सोमवारी सकाळी आरोग्य निरीक्षक वाघधरे मॅडम आल्या. तिशीची, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. केळसकरांनीच सविस्तर अहवाल मागवला होता, म्हणजे रोहिणीताईंना अपील करायला फट राहायला नको. नुकतीच पूजा आटोपून ते पोहे खायला बसले होते.

"सर, प्रयोगशाळेने त्या पाण्यात काय काय होतं ते शोधून काढलंय," मॅडम म्हणाल्या. "पण आम्हाला काही कळेना. तांबं भरपूर, थोडं जस्त, म्हणजे तांब्या-पितळेचं भांडं. चंदन. तुळशीचं तेल. आणि जिवाणू कसले, तर दूध, दही, मध असल्यावर पोसलेले."

"पंचामृत," कुमुद ओट्याजवळून म्हणाली.

"मलाही तेच वाटलं काकू. पण पंचामृत काय, सगळ्या गल्लीत होतं. आता एक वस्तू मात्र विशेष आहे." मॅडमनी पान उलटलं. "केशर. रोजच्या रोज. इथे गंधात केशर कोण उगाळतं?"

केळसकरांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

कारण अख्ख्या आंबेवळणात गंधात अस्सल केशर उगाळणारा एकच माणूस होता. त्यांचा मेहुणा दर दिवाळीला काश्मीरहून डबी आणायचा, आणि ती डबी केळसकरांनी आल्यागेल्या प्रत्येकाला हुंगायला दिली होती. मॅडम नवीन होत्या, त्यांना तेवढी हुंगायला मिळाली नव्हती.

"चौकशी करतो," केळसकर कसेबसे म्हणाले.

मॅडम गेल्या. केळसकर जिना चढून देवघरात गेले, देवांना नमस्कार केला आणि खिडकीची जाळी सरकवली. देवाच्या स्नानाचं पाणी पायदळी जाऊ नये, हा त्यांच्या आईने घालून दिलेला दंडक. म्हणून ते रोज सकाळी जाळी बोटभर उघडत, ताम्हनातलं पाणी खिडकीखालच्या सज्ज्यावर ओतत आणि डास आत यायच्या आधी झटक्यात जाळी लावत. नऊ वर्षांपूर्वी एकदा ते पाणी सज्ज्यावरून ओघळून खालच्या वाटेवर पडताना दिसलं होतं. कुणाचा पाय पडला तर? त्यांनी गवंडी बोलावून सज्ज्याला तिन्ही बाजूंनी चार बोटं उंच सिमेंटचा काठ घालून घेतला होता. त्यानंतर खिडकीतून डोकं बाहेर काढून खाली बघायचं कारणच पडलं नव्हतं.

आज त्यांनी डोकं बाहेर काढलं.

खाली छान हिरवट तळं साचलं होतं. त्यात तुळशीची पानं, दोन जास्वंदी, एक अक्षत. आणि त्यांच्यामधून शेकडो अळ्या शेपटी वर, डोकं खाली करून अगदी सुखाने वळवळत होत्या. तेवढ्यात एक ताजा डास पाण्यावरून उठला. केळसकरांच्या घराच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या होत्या, म्हणून तो बिचारा सरळ भिंत ओलांडून रोहिणीताईंकडे गेला.

आणि याचा नमुना यंत्राकडे का नव्हता? तेही त्यांना आठवलं. वर्षापूर्वी नमुने घ्यायला आलेल्या पोरीने विचारलं होतं, "काका, देवघर बघू का?" आणि ते ताडकन म्हणाले होते, "आंघोळ केलीये का? आणि देवघरात कसले आलेत डास?" तिने निमूट 'निरंक' लिहिलं होतं.

कुमुद मागे येऊन उभी होती. तिनेही वाकून खाली पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "नऊ वर्षं?"

"आजच्या आज घासून टाकतो. काठ फोडून टाकतो. उद्यापासून एक डास दिसायचा नाही."

"आणि रोहिणीताई?"

"पंचेचाळीस दिवसांनी त्यांची पाटी आपोआप हिरवी होईल."

"सांगणार नाही का तुम्ही?"

"कुमुद, ऋजुता गुरुवारी येतेय. आपली पाटी लाल झाली तर विहीणबाई तिला उंबरठा ओलांडू देतील का?"

"ते मी विचारलंच नाही," कुमुद म्हणाली आणि खाली निघून गेली.

केळसकरांनी खराटा घेतला. पाण्याला हात लावायच्या आधी, का कोण जाणे, त्यांनी सवयीने एक बाटली भरून बाजूला ठेवली. मग सज्जा खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तेव्हा पलीकडून काहीच ऐकू येत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं. रडणं नाही, 'मावशी, हा मला ढकलतो' नाही, ताट आपटणं नाही. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी तक्रारी केल्या ती आयती मिळाली होती, आणि त्या शांततेत त्यांना अथर्वशीर्ष दोनदा चुकलं. त्यांना लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापावीत अशी. देवाचं पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ नये म्हणून एवढा जपलो, आणि शेजारणीचं चाललेलं घर पायाखाली घातलं, असं त्यांच्या मनात आलं आणि तिथून ते हलेना.

बुधवारी प्रभाग सभा होती. केळसकर बाटली घेऊन उभे राहिले. एकतीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी गाड्यांच्या वेळा पुकारल्या, तोच आवाज निघाला.

"लक्ष द्या. गल्ली नंबर तीनमधील बेवारस डास माझे आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं: ताम्हन, सज्जा, चार बोटांचा काठ, केशर. 'शेपटी वर, डोकं खाली' इथपर्यंत येईतो मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सभागृहच कोसळलं. नगराध्यक्षांनी डोळे पुसले. कुणीतरी ओरडलं, "केळसकर, डासांना रोज पंचामृत? आम्हाला साधा प्रसाद नाही मिळाला कधी!"

वाघधरे मॅडम मात्र हसल्या नाहीत. "सर, सज्जा धुतला होतात. तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं होतं की," केळसकर म्हणाले. "आता नियमाप्रमाणे माझी पाटी लाल करा, आणि रोहिणीताईंची आत्ता, या घटकेला उतरवा. आणि तो नियम चौदा रद्द करा. तो ज्या गाढवाने सुचवला त्याला मी ओळखतो. डास काय भिंत बघून उडतो का? पाटी लावायचीच तर गल्लीला लावा. उपकर सगळ्या गल्लीने मिळून भरावा, आणि सगळ्यांनी एकमेकांचे सज्जे बघावेत."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात, ज्याच्या घरी जन्मला त्याने..."

"म्हणालो होतो. तेव्हा माझ्या घरी जन्मत नव्हते ना!"

पुन्हा हशा झाला. ठराव चर्चेला घ्यायचा की नाही यावर मग दीड तास भांडण झालं, आणि शेवटी एक समिती नेमली गेली. पाट्या मात्र संध्याकाळीच बदलल्या.

केळसकर लाल पाटीशेजारी वर्तमानपत्र धरून उभे राहिले, फोटो काढला आणि विहीणबाईंना पाठवला. सोमवार नव्हता, तरी.

फोन तत्काळ आला. "काय हो हे! मी तिची बॅग गाडीत ठेवली होती. आता उतरवून घेते. माफ करा, पण मी तिला पाठवणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," केळसकर म्हणाले. फोन ठेवला आणि रंगवलेल्या खोलीत जाऊन रिकाम्या पाळण्याशेजारी बसले. कड्यांना इतकं तेल झालं होतं की हात लागताच पाळणा आवाज न करता झुलायला लागला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते अडवलं नाही.

गुरुवारी दुपारी फाटकाशी गाडी थांबली. केळसकर धावत बाहेर आले. ऋजुता एका हाताने कंबर धरून उतरत होती, पण त्यांच्या फाटकाकडे नाही, शेजारच्या. हिरव्या पाटीपाशी रोहिणीताई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या.

"बाबा, काल मावशीला फोन केला मी," ऋजुता भिंतीवरून म्हणाली. "सासूबाईंना हिरवी पाटी हवी होती. मावशीच्या फाटकावर आहे की!"

केळसकर भिंतीला धरून उभे राहिले. "रोहिणीताई, मी तुमची... मला क्षमा..."

"राग आहेच मला," रोहिणीताई म्हणाल्या. "पाटी उतरली म्हणून राग उतरत नाही. चार पोरं दुसरीकडे गेली ती गेलीच. पण या पोरीने काय केलंय? आणि पाळणाघरात पाळण्यांना काय तोटा? या आत. आधी कपडे झटका."

मग रोजचं ठरूनच गेलं. कुमुद लाडवांचा डबा घेऊन पलीकडे जायची ती तिथलीच होऊन राहायची. केळसकरांना आधी कारण लागायचं. ते त्यांना पूजेतच सापडलं. देवाच्या स्नानाचं पाणी ते ताम्हनातून तांब्यात ओतत, हात धरून सांभाळत अठरा पावलं चालत आणि रोहिणीताईंच्या कुंड्यांना घालत. तिथे ते पायदळीही जात नव्हतं आणि साचतही नव्हतं. कुठल्या कुंडीला किती हे रोहिणीताई सांगत. पहिले काही दिवस त्या फक्त बोटाने दाखवत, आठवड्याने बोलून सांगायला लागल्या. तीन आठवड्यांनी मुलगी झाली, तेव्हा तिलाही आधी हातात घेतलं ते त्यांनीच.

बारसं रोहिणीताईंच्याच घरी झालं. केळसकरांची पाटी हिरवी व्हायला अजून दहा दिवस होते. नाशिकहून विहीणबाई आल्या, येताना फाटकावरची पाटी दोनदा वाचून. तेल दिलेला पाळणा भिंतीवरून अलीकडे आणला होता. बायका 'कुणी गोविंद घ्या' म्हणत होत्या, आणि तेवढ्यात पाळण्याच्या झालरीवर एक डास येऊन बसला. पट्टेरी पायांचा.

गाणं जागीच थांबलं. रोहिणीताईंचा चेहरा उतरला.

केळसकर पुढे झाले. फट्! सवयीने डावा हात खिशात गेला आणि पाकीट बाहेर आलं. सगळे त्या पाकिटाकडे बघत होते.

"कुणाचा आहे हो तो?" विहीणबाईंनी विचारलं. "कुंडली काढून घ्या लगेच!"

केळसकरांनी तळहाताकडे पाहिलं. मग रोहिणीताईंकडे. मग पाकीट घडी करून परत खिशात ठेवलं.

"आपलाच आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी सगळे मिळून शोधू, कुठे पाणी साचलंय ते."

आणि ते बेसिनकडे वळले. नात मांडीवर घ्यायची होती, हात धुवायला हवे होते.